तात्पर्य नसलेली गोष्ट वर्गात कशी वापरता?

वाडीवरची बाई (अकोले तालुका)

नमस्कार. मी डोंगरातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पट २३. पहिली, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात, चौथी सरांकडे. मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजातली. आईबाप भाताची आवणी आटपली की नारायणगावकडे मजुरीला जातात, त्यामुळे बऱ्याच मुलांचं घर म्हणजे आजी.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. साठा नोंदवहीत ती दरवर्षी चढते, पण मुलांच्या हातात कधी पडलेली नव्हती. आत ६१ पुस्तकं निघाली. जमिनीवर बसून गठ्ठे लावले. बोधकथा २७. थोरामोठ्यांची चरित्रं १९. सामान्यज्ञानाची ६. कवितांची ४. चित्रांची ३, त्यातल्या एकात एकही शब्द नाही. छोट्या नाटुकल्यांचं १. आणि ओढ्यानाल्यातल्या प्राण्यांची माहिती देणारं एक पातळसं पुस्तक.

रोज खिचडीनंतर एक गोष्ट वाचायची असं ठरवलं आणि साहजिकच मोठ्या गठ्ठ्यापासून सुरुवात केली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात 'तात्पर्य'. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की मुलं गोष्ट ऐकतच नाहीत, शेवटच्या ओळीची वाट बघतात. एके दिवशी मी पुस्तक मिटायच्या आत तिसरीतली चार मुलं एका सुरात म्हणाली, "नेहमी खरे बोलावे." गोष्ट लोभी कुत्र्याची होती. त्या दिवशी घरी जाताना वाईट वाटलं. ही सवय मुलं घरून घेऊन आली नव्हती, आम्हीच लावली होती.

दुसरी गोष्ट एका मुलाची. तिसरीत आहे, पण अक्षरं अजून जुळत नाहीत. 'कमल, बदक' वाचायला सांगितलं की मान खाली. हाच मुलगा रोज मधल्या सुट्टीत पेटीतून ते शब्द नसलेलं चित्रपुस्तक काढतो आणि खिडकीखाली बसून पानं उलटतो. पुढे, मग मागे, मग परत पुढे. शाळेत आलेले एक सहकारी म्हणाले, "तो नुसती चित्रं बघतोय, त्याला अक्षरपुस्तिका द्या." मी दिली नाही. पण का दिली नाही, हे मला त्यांना सांगता आलं नाही.

यंदा बोहाड्याच्या (मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा आमचा गावउत्सव) वर्गणीतून उरलेले ३,५०० रुपये गावाने शाळेला दिले, फक्त पुस्तकांसाठी. सोंगं नाचवून जमलेले पैसे आहेत. चुकीच्या ठिकाणी घालायचे नाहीत. म्हणून विचारते: बोधकथा सोडून वर्गात कसली कसली पुस्तकं वापरता आणि कशी? शब्द नसलेल्या पुस्तकाचं काय करायचं? माहितीचं पुस्तक पहिलीच्या मुलाला वाचून दाखवायचं का? आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायचं नाही, तर मग विचारायचं काय?

---

खडूची धूळ (राजापूर)

बाई, मी ३१ वर्षं पहिलीला शिकवून निवृत्त झाले. तुम्ही त्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं नाहीत, हे फार चांगलं केलंत.

शब्द नसलेल्या पुस्तकापासून सुरू करते, कारण तुमचा खजिना तिथेच आहे. पान उलटून मागे जाणारं मूल वाचतच असतं. आधी काय घडलं ते धरून ठेवायचं, पुढचं ताडायचं, चुकलं तर मागे जाऊन तपासायचं, हे सगळं तो करतोय. फक्त अक्षर आलेलं नाही. त्याच्या शेजारी बसा. पहिल्या दिवशी काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी विचारा, "इथे काय चाललंय?" तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहा आणि त्या चित्राखाली लावा. शब्द सुधारू नका. तो 'व्हता' म्हणाला तर 'व्हता'च लिहा. तिसऱ्या दिवशी तो ती चिठ्ठी वाचेल, कारण त्यात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक आहे. मी अशी कितीतरी मुलं वाचती झालेली पाहिली. मुलाला स्वतःचं वाक्य कधी परकं वाटत नाही.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे. प्रत्येक जातीच्या पुस्तकाचं काम वेगळं असतं. आपण सगळ्यांना एकाच घाण्याला जुंपतो, तिथे चुकतं.

भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीसारखी गोष्ट घ्या. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं. दुसऱ्या वेळी अर्धा वर्ग तुमच्याबरोबर म्हणतो, तिसऱ्या वेळी तुम्ही गप्प बसलात तरी चालतं. पहिलीला वाचायला शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला सापडलं नाही. फळ्यावर ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं, मुलं म्हणत असताना शब्दाशब्दाखाली बोट फिरवायचं. तोंडात असलेला शब्द आणि फळ्यावरचा शब्द तिथे एकमेकांना भेटतात.

कवितेचा अर्थ सांगू नका. हे मी फार उशिरा शिकले. रोज एकाच वेळी, एकच कविता, आठवडाभर फक्त म्हणायची. 'आवडलेली ओळ कुठली' एवढंही विचारायचं नाही. जोडाक्षराला अडणारी मुलं तालात ते सहज ओलांडून जातात, मग एक दिवस ती ओळ छापलेली दाखवायची.

चरित्रांचा गठ्ठा टाकून देऊ नका. पूर्ण चरित्र वाचू मात्र नका, सात वर्षांच्या मुलाला सनावळ्या आणि पदव्या घेऊन काय करायचंय? त्यातलं एकच पान शोधा, जिथे तो मोठा माणूस लहान आहे आणि घाबरलेला आहे. तेवढंच वाचा.

तात्पर्याऐवजी काय विचारायचं? बहुतेक वेळा काहीच नाही. पुस्तक मिटून दोन मिनिटं थांबायचं. एकदा मी आजी वारल्याची एक साधी गोष्ट वाचली होती. वाचावी की नको, या विचारात तीन दिवस घालवले होते. संपल्यावर कुणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजीची काठी अजून दाराच्या मागेच आहे." लगेच दुसरा म्हणाला, आमच्या आजोबांचा चष्मा आहे. पाऊण तास वर्ग त्यावर बोलत होता आणि मी फक्त ऐकत होते. तिथे मी तात्पर्य विचारलं असतं तर ती काठी दाराच्या मागेच राहिली असती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ पासून त्या कोसबाडला (आताचा पालघर जिल्हा) वारली मुलांसाठी काम करत होत्या. कोसबाडच्या शाळेत साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे असत, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. तुमच्या पेटीतलं ओढ्याचं पुस्तक त्या दृष्टीने बघा. ते वर्गात वाचायचं पुस्तक नाही, ओढ्यावर घेऊन जायचं आहे.

३,५०० रुपये एकदम खर्च करू नका. आधी दोन हजारांची घ्या, मुलं कशावर तुटून पडतात ते बघा, मग उरलेली घ्या. पातळ घ्या. जाड पुस्तक लहान मुलाला लांबूनच दमवतं.

---

पाचवीचा वर्ग (बीड जिल्हा)

मॅडमनी लिहिलेलं पटतं, पण आमच्या अडचणीही मांडतो. माझी निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ती एप्रिलमध्ये परततात. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेतोवर प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे हे केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं लक्ष्य आहे, आणि वरून विचारणा होते ती शब्द किती वाचले याची. पालकही म्हणतात, गोष्टी घरी सांगू, तुम्ही लिहायला शिकवा. अशा वेळी आठवडाभर एकच कविता म्हणायला छाती लागते.

तरी एक प्रयोग केला तो सांगतो. मागच्या वर्षी जाणाऱ्या मुलांबरोबर 'किशोर'चे जुने अंक दिले. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते, जुने अंक संगणकावर फुकट वाचायलाही मिळतात. मी १४ अंक दिले, परत ९ आले. चुलीच्या काजळीने काळे, कोपीवरच्या (ऊसतोड मजुरांची पाचटाची झोपडी) पावसाने भिजून वाळलेले. सगळ्यांत जास्त कुठलं पान हाताळलेलं होतं सांगू? कोडी आणि रस्ता शोधायची चित्रं. त्याखालोखाल चित्रकथा. कथा बहुतेकांनी वाचल्या नव्हत्या. पण एका मुलीने येऊन सांगितलं की शेजारच्या कोपीतली दोन मुलं, जी आमच्या शाळेतली नाहीतच, ती तिच्याकडे कोडी सोडवायला येत होती. म्हणून माझं म्हणणं, त्या पैशात कोडी आणि चित्रकथा धराच. आपण शिक्षक त्यांना साहित्य मानत नाही, पण शिक्षक जवळ नसताना मूल तेच उघडतं.

---

सिपना काठ (धारणी, मेळघाट)

एक मुद्दा राहिला, भाषेचा. माझ्या वर्गात कोरकू मुलं आहेत. कोरकूचं मराठीशी काहीच नातं नाही, ती मुंडा कुळातली भाषा. पहिलीतल्या मुलाला वाघाचं चित्र दाखवून मी 'वाघ' म्हणतो तेव्हा तो मनात 'कुला' म्हणत असतो. पुस्तक कितीही सुंदर असो, मराठीतून सुरू केलं की तो बाहेर उभा राहतो.

मी आता चित्रपुस्तक दोनदा घेतो. पहिल्या दिवशी मुलं कोरकूत सांगतात, मी ऐकतो आणि अडलं तिथे मुलांनाच विचारतो. खडूची धूळ बाईंनी सांगितल्या तशा चिठ्ठ्या मी कोरकूत, देवनागरीत लिहितो. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक मराठीत. तोवर गोष्ट त्यांची झालेली असते, फक्त शब्द नवे असतात. स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी लेखक-चित्रकारांची नावं देऊन भाषांतर करायला आणि छापायला मोकळ्या आहेत, आणि पहिल्या पातळीवरच्या गोष्टींत पानावर एकदोनच वाक्यं असतात. मी त्यांच्या प्रती काढून मराठीखाली कोरकू वाक्य चिकटवतो.

तुमची ठाकर मुलं मराठीच्या जवळचं बोलतात म्हणून फरक जाणवत नसेल, पण असेल. आज्यांना शाळेत बोलवा. त्यांच्याकडे उमाणे (तोंडी कोडी) आणि ओव्या असतील. तेही बालसाहित्यच आहे आणि त्याला ३,५०० रुपयांतला एक रुपयाही लागत नाही.

---

वाडीवरची बाई (अकोले तालुका)

उत्तर द्यायला अडीच महिने लागले, माफ करा. इथे पावसात रेंज नसते. पण सांगण्यासारखं बरंच साठलंय.

आधी न जमलेलं सांगते. कविता आठवडाभर नुसती म्हणायची हे मला पहिले दोन आठवडे साधलं नाही. माझंच तोंड अर्थ सांगायला उघडायचं. खिचडीनंतर मुलं पेंगायची. मग कविता परिपाठानंतर आणली आणि आता बरं चाललंय. आज्यांपैकी पहिल्या वेळी एकच आली, ती दारातच बसली आणि बोलली नाही. दुसऱ्या खेपेला मी नागलीची रोपं उपटायला तिच्या खाचरात गेले, तिथे तिने अकरा उमाणे घातले. मुलांना सगळे येत होते, मला तीनच सुटले. त्या दिवसापासून वर्गात माझा भाव थोडा बदललाय. मला न येणारंही काही असतं हे मुलांना आवडलं.

पण खरं लिहायचंय ते त्या मुलाबद्दल आणि ओढ्याच्या पुस्तकाबद्दल.

खडूची धूळ बाईंनी सांगितलं म्हणून जुलैच्या शेवटी उघडीप मिळाली तेव्हा ते पुस्तक घेऊन ओढ्यावर गेलो. खेकड्याचं पान उघडलं. दहा पाय, पुढच्या दोन नांग्या, कठीण कवच, सगळं नीट दिलेलं होतं. मी वाचत होते, मुलं खेकडे शोधत होती. तो माझ्याजवळ आला, पान नीट बघितलं, उलटून मागचं बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यात पिल्लंच नाईत."

मला कळलं नाही. तो पाण्यात उतरला, दगडाखाली हात घातला आणि एक मादी धरून आणली. पालथी करून तिच्या पोटावरची ती रुंद घडी बोटाने अलगद उचलली. आत हरभऱ्याच्या डाळीहून बारीक खेकडे, पूर्ण तयार, पाय असलेले, एकमेकांना धरून बसलेले. नराच्या पोटावरची घडी अरुंद असते, मादीची रुंद, हेही त्यानेच दाखवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. घरी गेल्यावर शोधलं, तर आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी मादीच्या पोटाखालीच फुटतात आणि पिल्लं काही काळ तिथेच राहतात, हे बरोबर निघालं. त्याने मादी परत त्याच दगडाखाली ठेवली. पिल्लंवाली धरायची नसते, असं त्याची आजी सांगते म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, पुस्तकात नाही तर आपण लिहू. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूंचं बारा पानांचं पुस्तक केलं, 'आमच्या ओढ्यातले खेकडे'. चित्रं सगळ्यांनी काढली. पिल्लांचं पान त्याचं. तो बोलला ते मी चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहिलं:

"मादीच्या पोटाला पदर असतो. पिल्लं पदरात बसत्यात. मोठी झाली का सुटत्यात."

मला घडी म्हणायचं सुचलं होतं, त्याला पदर सुचला. आणि बघा, 'पदर' या शब्दाला काना नाही, मात्रा नाही. प, द, र. मी जून महिनाभर त्याच्यापुढे 'कमल, बदक' ठेवत होते, तेही असेच बिनकान्याचे शब्द. तिथे मान खाली. 'पदर' त्याने तिसऱ्या दिवशी वाचला, बोट ठेवून, मोठ्याने. मग 'पदरात'. मग अख्खं वाक्य. आता तो ते पान पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतो आणि कुणी घडी म्हटलं की दुरुस्त करतो. अजून अडखळतो, जोडाक्षरांत रुततो, दोन ओळींच्या पुढे दमतो. पण मान वर असते.

सिपना काठ सरांचं म्हणणं मला तेव्हाच उमगलं. 'बसत्यात' मी 'बसतात' केलं असतं तर त्याला वाचताना ते आपलं वाटलं नसतं. पहिल्या पुस्तकात तसंच ठेवलंय. दुसऱ्यात खाली पुस्तकी वाक्यही देणार आहे.

पैशांचा हिशेब: आतापर्यंत १,९४० रुपये खर्च केले. शब्द नसलेली चार, तीच ओळ पुन्हा पुन्हा येणारी नऊ, कवितांची तीन, कोड्यांची दोन, पाखरं, झाडं आणि किडे यांची सहा. पाचवीच्या सरांचं अगदी बरोबर, कोड्यांच्या दोन्ही पुस्तकांची पाठ मोडली आहे. किड्यांचं पुस्तक खास काजव्यांसाठी घेतलं. मे-जूनमध्ये आमच्याकडे हिरडा, बेहडा आणि सादड्याची झाडं काजव्यांनी उजळतात आणि लांबून गाड्या भरून माणसं बघायला येतात. त्या लोकांना माहिती सांगायला या मुलांकडे स्वतःचं पुस्तक असावं, असं मनात आहे. ते काम पुढच्या उन्हाळ्याचं.

नाटुकल्यांचं एक पुस्तक होतं ते चौथीच्या सरांनी नेलं. बोहाड्यात सोंग घेणारे दोघे बाप मुलांना मुखवटा घालून मान कशी फिरवायची ते शिकवायला आले होते. त्यावर वेगळं लिहीन.

उरलेला प्रश्न व्यवहाराचा आहे. खेकड्याचं पुस्तक रोज वीस हात हाताळतात आणि इथल्या दमट हवेत पानं फुगून चिकटायला लागली आहेत. कडांना कसरही दिसली. लॅमिनेशन करायला तालुक्याला जावं लागतं आणि बारा पानांना ते महाग पडतं. हाताने शिवून, स्वस्तात, दोन पावसाळे टिकेल असं काही कुणाला माहीत आहे का?

---

खडूची धूळ (राजापूर)

पदराचं पान वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ अंगणात बसले.

आता बांधणी. कॅलेंडरची पानं पाठीला पाठ लावून दोन-दोन चिकटवा, म्हणजे ताठ होतील. मैद्याची खळ करताना त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, जुने बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून घालतात. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे खळ मुलांसमोर करू नका, भांडं वेगळं ठेवा आणि पानं पूर्ण वाळल्यावरच मुलांच्या हातात द्या. मध्ये तीन भोकं पाडून मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवा. पुठ्ठ्याला जुन्या सुती साडीचं कापड चढवा. आणि रात्री पुस्तक पेटीत ठेवू नका, वर्गात दोरी बांधून तिच्यावर मधोमध उघडून टाका, म्हणजे वारा लागेल.

साडीचं कापड त्याच्या आजीकडे मागा.